सारंगखेड्याचा घोडा आणि टोकियोच्या हत्तिणी

दरवर्षी दत्तजयंती आली की सारंगखेड्याला जाऊ म्हणतो आणि राहून जातं, यंदा मात्र जळगावहून सकाळची गाडी पकडली, दोंडाईच्याला उतरून काळीपिवळीत अक्षरशः कोंबून घेतलं आणि तापीचा पूल ओलांडला. यात्रा म्हणजे घोडेच घोडे, मारवाडी, काठेवाडी, धुळीत रेवाल चाल दाखवणारे. एकमुखी दत्ताचं दर्शन पटकन उरकलं (देवा माफ कर).

गाडीत मोबाईलवर टोकियोच्या उएनो झूचं वाचत होतो ते काही डोक्यातून जाईना. १९४३ साली, बॉम्ब पडून पिंजरे तुटले तर जनावरं शहरात सुटतील म्हणून त्यांना मारायची वरून ऑर्डर आली. तिथे तीन हत्ती होते, विष घातलेले बटाटे त्यांनी खाल्लेच नाहीत, मग उपाशी ठेवले. जॉन आधी गेला. ४ सप्टेंबरला मेलेल्या प्राण्यांसाठी श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला ना, तेव्हा बाकीच्या दोन हत्तिणी जिवंत होत्या! त्यातली टोंकी माणूस दिसला की शिकवलेली कसरत करून दाखवायची, एवढ्यासाठी की मग खायला मिळतं. रोज तिला चारणाऱ्या माणसांना हे बघावं लागायचं. २३ सप्टेंबरला तीपण गेली. पुढे १९४९ मध्ये नेहरूंनी त्याच झूला इंदिरा नावाची हत्तीण पाठवली, तो फोटो आपण सगळ्यांनी बघितलाय, पण आधीचं हे कोण सांगतं?

एका पांढऱ्या घोड्याजवळ एक आजोबा खरारा करत बसलेले. भाकरीचं फडकं बाजूला तसंच बांधलेलं. म्हटलं बाबा जेवा की, दोन वाजले.

"हाऊ खास नही तवलोंग माले घास उतरस नही," ते अहिराणीत म्हणाले. हा खात नाही तोवर मला घास उतरत नाही.

आवडता दिसतोय, मी म्हणालो. तर म्हणे, "इकाले लयेल शे." विकायला आणलाय, नातीचं लग्न आहे म्हणे.

मला काय सुचलं कोण जाणे, मी तिथंच बसून त्यांना टोंकीचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, खरारा थांबला होता.

"मंग त्या मानूसनी काय कयं?"

लपूनछपून थोडं काही खायला दिलं म्हणतात, मी म्हटलं.

आजोबांनी मान हलवली, पिशवीतले उरलेसुरले हरभरे तोबऱ्यात ओतले. तेवढ्यात दोन गिऱ्हाईकं आली, एकजण घोड्याचे दात बघायला लागला. फडकं अजून बांधलेलंच होतं.