नवरात्रातली कळसूबाई आणि शिडीवरची रांग

भंडारदऱ्याकडे शहरातली माणसे प्रामुख्याने दोन हंगामांत लोटतात. पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला आणि त्यानंतर धबधब्यांखाली भिजायला. भाद्रपद सरता सरता ही गर्दी ओसरते आणि नेमका त्याच सुमारास अकोले तालुक्यातल्या गावांचा स्वतःचा सण उभा राहतो. कळसूबाईच्या माथ्यावर नवरात्रात यात्रा भरते, हे मी ऐकून होते. परंतु 1646 मीटर उंचीवर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखरावर, नारळ-प्रसादाची दुकाने नेमकी कशी लागत असतील याचे कुतूहल बरीच वर्षे मनात होते. म्हणून या वेळी मैत्रिणीला सोबत घेऊन आडवारी जायचे ठरवले.

कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे घोटीमार्गे जीप हा प्रवास लिहिण्यासारखा नाही. जीप पुरती भरल्याखेरीज हलत नाही आणि भरल्यावरही आणखी दोघे बसतात, एवढे सांगितले की पुरे. पायथ्याच्या बारी गावात उतरल्यावर मात्र सगळा शीण गेला. खाचरांतले हळवे भात पिवळे पडू लागले होते, वरच्या वरकस जमिनीत खुरासणी फुलली होती आणि त्याहून वर, डोंगराच्या उतारावर, सोनकीचा पिवळा रंग पसरला होता. फुलांसाठी सातारच्या पठारावर रांगा लावणाऱ्यांना हे दिसत नाही, याचे मला नेहमीच नवल वाटते.

ज्या घरी आमची राहण्याची सोय झाली होती, तिथल्या मावशींचा नऊ दिवसांचा उपवास होता. स्वतः वरईच्या भातावर राहणाऱ्या त्या बाईंनी आम्हाला तांदळाची भाकरी, उडदाचे वरण आणि मिरचीचा ठेचा असे पोटभर वाढले, आणि आम्ही संकोचलो तेव्हा, ‘‘ताई, उपास माझा हाये, तुमचा नाही. तुम्हाला उद्या डोंगर चढायचाय,’’ असे म्हणून आणखी एक भाकरी ताटात टाकली. देव्हाऱ्यापाशी घट बसवला होता. त्याच्या मातीत भात, नाचणी, वरई, उडीद असे घरचेच धान्य पेरले होते. बाजारचे बी घटाला चालत नाही का, असे मी विचारले, तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. गावरान बियाणे जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या आहेत, हे त्या देव्हाऱ्यासमोर बसल्यावर मुळीच आश्चर्याचे वाटत नाही.

कळसूची कथाही मावशींनीच सांगितली. कळसू ही कामाला राहिलेली मुलगी; झाडलोट करणार नाही आणि भांडी घासणार नाही, या अटीवरच ती घरात राहिली होती. एके दिवशी तिला तेच काम सांगितले गेले; ते तिने केले आणि ती डोंगरावर निघून गेली, ती कायमची. जिथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ. मालकाने शब्द मोडला म्हणून घर सोडणाऱ्या मुलीला इथल्या महादेव कोळी समाजाने देवी मानले, ही गोष्ट मला पुराणातल्या अनेक कथांपेक्षा अधिक पटते.

पहाटे निघालो तेव्हा वाटेवर आमच्याआधीच माणसे होती. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खालीही देवीचे देऊळ आहे. पण हाताशी नातू आणि डोक्यावर पदर घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या तिथे हात जोडून सरळ वरची वाट धरत होत्या. खरा खोळंबा लोखंडी शिड्यांपाशी झाला. कड्याला लावलेल्या या शिड्यांवर एका वेळी एकाच दिशेने जाता येते, त्यामुळे खाली-वर जाणाऱ्यांनी एकमेकांसाठी थांबण्याचा समंजसपणा दाखवावाच लागतो. आमच्या पुढच्या शहरी टोळक्याला तो ठाऊक नव्हता. त्यांच्या पाठपिशवीत स्पीकर वाजत होता आणि त्यांच्यातला एक जण शिडीच्या मध्यावर उभा राहून, एक हात सोडून, वेगवेगळ्या कोनांतून स्वतःचे छायाचित्र काढून घेत होता. मागे रांग वाढत गेली. रांगेत ओटीचे सामान घेतलेल्या बायका होत्या, पाठीवर नारळांचे पोते बांधलेला एक दुकानदार होता आणि अनवाणी, नऊवारी नेसलेल्या एक आजी होत्या. कोणीच काही बोलत नव्हते, आणि या गप्प राहण्याचाच मला त्या स्पीकरहून अधिक संताप आला. शेवटी आजींनीच आवाज दिला, ‘‘बाळा, फोटू काढ, पन वर जाऊन काढ. हितं मागं पोतं घेऊन मानूस उभा हाये.’’ तो मुलगा ओशाळून भराभर वर गेला. स्पीकरही बंद झाला. आजी शिडी चढल्या, वर पोचल्यावर त्या मुलांशेजारी बसून त्यांनी पिशवीतली केळी काढली आणि त्यातली दोन त्यालाच दिली. मला हे औदार्य जमले नसते, आणि जमायला हवे होते असेही वाटत नाही.

माथ्यावरचे देऊळ इतके लहान आहे की दोन-तीन माणसांनी ते भरते. बाहेर मात्र खरोखरच यात्रा होती: हळद-कुंकू, खण, नारळ, रेवड्या, लिंबू सरबत. यातली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी पाठीवरून वर आलेली असते, म्हणून तिथे पाण्याच्या बाटलीसाठी घासाघीस करणारी माणसे पाहून मला लाज वाटली. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही किल्ले धुक्यातून सुटे झाले होते आणि खाली भंडारदऱ्याचे पाणी काठोकाठ भरलेले दिसत होते.

दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याचे, 1926 साली पूर्ण झालेले विल्सन धरण पाहिले, पण ते घाईतच. तळ्याकाठच्या एका तंबूवाल्या मुक्कामात भरदिवसा चाललेल्या गाण्यांनी तिथे थांबवेना. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ मात्र शांत होते. काळ्या दगडातले कोरीव काम आणि शेजारची, कोनाड्यांत मूर्ती असलेली पुष्करणी पाहण्यात सकाळ कशी गेली ते कळले नाही. ज्या प्रवरेवर हे धरण बांधले आहे, ती मागच्या रतनगडावरच उगम पावते.

निघताना मावशींकडे काळभात विकत मागितला. या भागातला तो सुवासिक, काळ्या तुसाचा तांदूळ मला हवाच होता. ‘‘उभा हाये अजून शेतात. दिवाळी होऊ द्या, मंग या,’’ असे त्या म्हणाल्या. कणगीत मागच्या वर्षीचा थोडा शिल्लक होता, परंतु नवे पीक येईपर्यंत तो घरच्यांना पुरवायचा असल्याने त्यांनी तो देण्यास स्वच्छ नकार दिला. घोटीच्या बाजारात इंद्रायणी हवा तेवढा मिळत होता. आम्ही तोच घेतला.