पाडव्यानंतरचा मेळावा

आमच्या बचत गटांचा वार्षिक मेळावा गुढीपाडव्याच्या आधी घ्यायचा नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांमधून नवरा-बायको ऊसतोडीला कारखान्यांकडे निघतात, ते पाडव्याच्या सुमाराला परततात. मागे राहतात म्हातारी माणसं, थोडी लेकरं आणि आमच्या हजेरीच्या वह्या. पहिला मेळावा आम्ही जानेवारीत ठेवला. खुर्च्या दोनशे, बाया चाळीस! तेव्हापासून चैत्राचं ऊन कबूल केलं.

दीपप्रज्वलन, सावित्रीबाईंच्या फोटोला हार, शाल-श्रीफळ, जमाखर्चाचं वाचन, सगळं व्हायचं तसं व्हायचं. पाहुणे 'सक्षमीकरण' किती वेळा म्हणतात, ते मी मागे बसून मोजायचे. माझा जीव अडकलेला असायचा मनोगतांत.

मनोगताला आलेली बाई आधी माईकपासून हातभर लांब थांबते. पदर सारखा करते. आणि स्वतःच्या नावापाशीच अडते, कारण गावात तिला हाक अमक्याची आई, तमक्याची सून हीच. एका वर्षी अशीच एक अडली, खाली बसायला निघाली, तर मागून तिची सासूच ओरडली, "सांग की गं! कर्ज घेताना सही कुणी केलती?" मांडव हसला. मग ती बोलली. मुकादमाची उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्याकडून तोडीआधीच घेतलेले पैसे, फिटली नाही की पुढच्या हंगामाला पुन्हा जाणं आलंच. तिनं गटातून कर्ज काढून शेळ्या घेतल्या. महिना दोन टक्के व्याज, पण ते गटातच राहतं, हे तिनं पाहुण्यांकडे बघून सांगितलं. तिसऱ्या वर्षी उचल घेतलीच नाही. "औंदा दिवाळी घरी केली," म्हणाली आणि माईक तसाच सोडून उतरली. मी तेव्हा सहयोगिनी, म्हणजे गटांचं काम बघणारी कार्यकर्ती होते, फोटो काढायचं काम माझं. तो फोटो नाही.

एक राग मात्र अजून आहे. मैदानाला लागून असलेल्या वस्तीतल्या बाया बरोबर जेवणाच्या वेळेला यायच्या. आणि बालाघाटाच्या डोंगरातल्या बाया टेम्पोत उभ्यानं, लेकरू काखेत घेऊन, दहाच्या आत हजर!

आभारांत नावं लिहीत नाही, एखादं सुटलं तर वर्षभर ऐकावं लागेल. पण शाळेचं पटांगण देणारे गुरुजी, मांडवाची नुसती मजुरी घेणारे भाऊ, पातेलंभर पिठलं हाटणाऱ्या तीन मावश्या, घरून भाकरी बांधून आणणारे सगळे गट, लेकरं सांभाळणाऱ्या अंगणवाडीच्या मदतनीस ताई, टेम्पोवाले दादा, पाण्याचे जार उतरवणारी पोरं. आणि ऊसतोडीला गेलेल्यांची बचत पदरची भरून वहीत त्यांच्या नावापुढे मांडणाऱ्या गटांच्या सचिव, त्या तर कधीच स्टेजवर आल्या नाहीत.

माईकवाला राहिला. लाईट गेली तेव्हा त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणून जोडली होती आणि नेमका त्याच वर्षी आभारांत तो सुटला. पुढच्या वर्षी आला, माईक दिला, आणि आभार सुरू झाल्याबरोबर बंद केला.