पाकोळी आणि वेळासचं कासव

परवा सकाळी गच्चीवर पापड वाळत घालायला गेले तर कोपऱ्यात एक पाकोळी (स्विफ्ट जातीचा छोटा पक्षी) पडलेली, सगळी काळी, गळा आणि शेपटीच्या वरचा पट्टा तेवढा पांढरा. उचलली तर ओढणी अशी घट्ट धरली की सोडवेना, पाय इतके इवलेसे की आधी दिसलेच नाहीत, नखं मात्र सुईसारखी. इंदूरला राजवाड्याजवळ संध्याकाळी चिरचिरत फिरतात त्या ह्याच. लोक भिंगरी म्हणतात पण भिंगरी वेगळी, ती तारेवर बसते, पाकोळीचे पाय फक्त भिंतीला लटकायचे.

तिला हातात धरल्यावर वेळासचं पिल्लू आठवलं. मामीबरोबर कोकणात गेलो होतो, पहाटे अंड्यांच्या खड्ड्यावरची टोपली उचलली आणि ऑलिव्ह रिडले ह्या समुद्री कासवाची पिल्लं पुढची वल्ही मारत, वाळूवर वेणीसारखी खूण ठेवत समुद्राकडे. त्यांनीही पाय सोडून दिलेत, पाण्यासाठी, हिने हवेसाठी. नर कासव एकदा समुद्रात गेलं की बहुतेक जमिनीवर येतच नाही, मादी येते ती अंड्यांपुरती. आणि युरोपातली स्विफ्ट म्हणजे हिची चुलत बहीण १०-१० महिने न उतरता उडते, स्वीडनच्या लुंड युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये दाखवलंय! आमची पाकोळी तेवढी भटकी नाही, रात्री घरट्यात येते.

संसार मात्र एकदम उलटा. पाकोळी दोन-तीन अंडी घालते, नर-मादी मिळून पिसं-काड्या थुंकीने चिकटवून घरटं करतात, पिल्लांना किडे भरवतात. कासवीण शंभरेक अंडी पुरते आणि जाते, ४५-५५ दिवसांनी पिल्लं आपली आपण बाहेर, वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त. आई म्हणते निष्ठुर आहे, मला नाही पटत, पाण्यात तरंगणारं ते जड अंग वाळूवर ओढत आणायचं, मागच्या पायांनी खड्डा करायचा, हे काय कमी आहे का?

वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने गावकऱ्यांबरोबर ती अंडी जपायला सुरुवात केली. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी एका जुन्या घराचं रिपेअरिंग झालं तेव्हा घरटी काठीने पाडली, पिल्लांसकट, मी बघत होते, अजून डोळ्यासमोर येतं.

परवाची पाकोळी तळहातावर ठेवून हात वर केला, दोन मिनिटं नुसती थरथरली आणि गेली. आमच्या छज्ज्याखाली दोन घरटी आहेत, दिवाळीआधी घराला रंग द्यायचाय, पेंटरभैयांना आत्ताच सांगून ठेवलंय की तो कोपरा तसाच राहू दे.