बीजीव्हीत दोन फ्लॅग आले आणि विथड्रॉचं बटण समोर

मंगळवारी दुपारी रिक्रूटरचा फोन आला तेव्हा मी हँडओव्हरची एक्सेल भरत होते, म्हणजे राजीनामा देऊन झालेला, नोटीस पिरियडचे ११ दिवस उरलेले, आणि ती बाई एकदम मऊ आवाजात म्हणते, "मॅम, तुमच्या बीजीव्हीत दोन फ्लॅग आलेत. तुम्ही स्वतःहून ॲप्लिकेशन विथड्रॉ केलंत तर तुमच्यासाठीच बरं पडेल." बीजीव्ही म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, नवी कंपनी एजन्सीकडून आपली जुनी माहिती तपासून घेते ते. कसले फ्लॅग ते काही सांगेना. रिपोर्ट इंटर्नल असतो म्हणे.

पोर्टल उघडलं. विथड्रॉचं बटण खाली कोपऱ्यात, करड्या रंगाचं, दाबलं की कारण विचारतं: दुसरी ऑफर, पगार, वैयक्तिक कारण, इतर. मी वैयक्तिक कारण निवडलं आणि सबमिट न करता नुसती बसून राहिले. एक क्लिक आणि विषय संपला, कुणाला काही सांगायला नको, घरी म्हणायचं की मलाच ती कंपनी पटली नाही.

मला इतकी घाई का झाली होती ते सांगते. दोनातला एक फ्लॅग कसला असणार ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या नोकरीत पहिले ५ महिने मी इंटर्न होते, स्टायपेंडवर, आणि मग पर्मनंट झाले, रेझ्युमेत मात्र सगळं एकाच ओळीत, एकाच पदाखाली टाकलेलं. सगळेच टाकतात, त्यात काय एवढं, असं तेव्हा वाटलं होतं. पण जागेसाठी किमान ५ वर्षं हवी होती आणि माझी त्या ५ महिन्यांसकट ५ वर्षं १ महिना होत होती, तेव्हा "चुकून झालं" असं मी इथे तरी म्हणणार नाही.

रात्री मैत्रिणीला फोन केला, ती व्हेरिफिकेशनच्याच कामात आहे. तिने आधी झापलं. "अगं, रिपोर्ट न बघता विथड्रॉ कशाला करतेस? नापास व्हायला ती काय परीक्षा आहे?" मग नीट समजावलं. एजन्सी शक्यतो पास-नापास ठरवतच नाही, ती प्रत्येक चेकला रंग देते, हिरवा, पिवळा, लाल, आणि पुढे काय करायचं ते कंपनी आपल्या नियमांप्रमाणे ठरवते. लाल म्हणजे तू सांगितलेलं आणि समोरच्याने सांगितलेलं जुळलं नाही. पिवळा बऱ्याचदा नुसता "व्हेरिफाय करता आलं नाही" एवढाच असतो, म्हणजे कंपनी बंद पडलेली, किंवा एचआर मेलला उत्तर देत नाही. तिथे सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, टॅक्सचे कागद दिले की बहुतेकदा प्रश्न सुटतो.

तिचं म्हणणं, लोक घाबरून पळ काढतात त्यातल्या बऱ्याच केसमध्ये चूक रिपोर्टातच असते. नाव कॉमन असेल तर दुसऱ्याच कुणाचा पोलीस रेकॉर्ड आपल्या नावावर चिकटतो, जन्मतारीख नीट ताडून पाहिली की निघतो. ड्रग टेस्टचंही तसंच, पहिली झटपट स्क्रीनिंग असते आणि ती कधीकधी साध्या औषधानेही पॉझिटिव्ह दाखवते (खसखस खाल्ल्यावरसुद्धा लघवीत मॉर्फिन सापडू शकतं, हे मला आत्ता कळलं), म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्रीची पक्की टेस्ट होईपर्यंत तो निकाल शेवटचा धरायचा नसतो.

आणि "इंटर्नल असतो" हेही सगळीकडे चालत नाही बरं का. अमेरिकेत फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टखाली, एजन्सीच्या रिपोर्टवरून उमेदवार नाकारायचा असेल तर आधी त्याला रिपोर्टची कॉपी द्यावी लागते. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा लागू आहे, त्यात आपली माहिती मागितली की साधारण महिनाभरात द्यावी लागते. कायदा काही का असेना, मागायला काय जातंय? मी मागितली, सकाळी ९ ला मेल, संध्याकाळी दोन पानांची पीडीएफ हजर.

दोन कॉलम. उमेदवाराने दिलेली माहिती, सोर्सने दिलेली माहिती. पहिली कंपनी केव्हाच बंद झालेली, तिथे पिवळा. दुसरीत जॉइनिंगच्या दोन तारखा शेजारी शेजारी, मध्ये ५ महिन्यांचं अंतर, आणि पुढे लाल चौकोन. बास. आदल्या रात्रभर मी स्वतःला फ्रॉड समजत होते तो हा नखाएवढा चौकोन.

मैत्रीण एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली. डिग्रीच खोटी असेल किंवा काढून टाकलेलं लपवलं असेल तर स्पष्टीकरणं देत बसू नये, गुपचूप विथड्रॉ करावं. पण तेव्हाही रिपोर्ट पुसला जातो असं समजू नये, आपल्या अर्जाचं स्टेटस तेवढं बदलतं, कंपनीकडे रेकॉर्ड राहतो आणि पुढच्या वेळी फॉर्मवर "याआधी अर्ज केला होता का" हा रकाना असतोच.

मी मेल लिहिला. पहिला ड्राफ्ट दीड पानाचा, त्यात जुन्या एचआरने कसं दोनदा पत्र चुकीचं दिलं वगैरे रडगाणं, ते सगळं उडवलं. उरल्या चार ओळी: पहिले ५ महिने इंटर्नशिप होती, मी वेगळी दाखवायला हवी होती, दाखवली नाही, स्टायपेंडचं स्टेटमेंट आणि पहिल्या कंपनीच्या स्लिप सोबत जोडल्या आहेत. मग सध्याच्या मॅनेजरकडे जाऊन, गरज पडली तर राजीनामा मागे घेता येईल का, हे विचारलं. ते मेलपेक्षा दसपट अवघड गेलं. तो फक्त "बघू" म्हणाला.

शुक्रवारी हायरिंग मॅनेजरचा फोन. एकच प्रश्न विचारला, "इंटरव्ह्यूत का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, ५ वर्षं भरत नव्हती म्हणून. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, ४ वर्षं ८ महिने धरले तर एक लेव्हल खाली ऑफर देता येईल, पगार त्याप्रमाणे कमी, चालेल का ते सोमवारपर्यंत कळवा.

सोमवारची वाट नाही बघितली, हो म्हणून टाकलं. नवीन ऑफर लेटर काल आलं, सही करायच्या आधी जॉइनिंग फॉर्मवरच्या सगळ्या तारखा जुन्या पत्रांशी ताडून पाहिल्या, तीनदा.