अण्णांसाठी 'वनस्पतीजन्य' मॉइश्चरायझर शोधताना

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, माळकरी आहेत. पंचाहत्तरी उलटली, तब्येत ठणठणीत आहे, पण थंडी पडली की त्यांच्या नडग्यांना खाज सुटते. रात्री झोपेत खाजवतात आणि सकाळी पायांवर पांढरे ओरखडे, मधूनच रक्ताचे ठिपके. ठाण्याची थंडी ती काय, असं बाहेरगावचे म्हणतात. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा कोरडा वारा सुटला की खाडीकाठच्या आमच्या दमट शहरातही म्हाताऱ्या माणसांची कातडी उलते.

नौपाड्यातल्या आमच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी रक्ततपासण्या करून घेतल्या. अंगावर पुरळ नसताना वयस्कर माणसाला सतत खाज येत असेल तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, साखर हे सगळं बघावं लागतं, असं त्या म्हणाल्या. रिपोर्ट चांगले आले. मग त्यांनी सांगितलं, त्वचा कोरडी पडली आहे, दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर लावा, साधी पेट्रोलियम जेलीही चालेल.

घरी आल्यावर अण्णांनी डबी हातात घेऊन विचारलं, "अगं, हे कशापासून करतात?" खनिज तेलापासून, मी म्हटलं. मग दुसऱ्या क्रीमची ट्यूब पुढे केली. "आणि यात चरबी नाही ना? अंगाला लावलं काय न् पोटात गेलं काय, मला सारखंच. मला झाडापासूनचं काहीतरी बघ."

पेट्रोलियम जेली वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. शुद्ध केलेली असते, ॲलर्जी क्वचितच होते आणि त्वचेतलं पाणी अडवायला तिच्याइतकं परिणामकारक फारसं काही नाही. डॉक्टरांनी ते मला स्पष्ट सांगितलं होतं. पण ज्या माणसाला लावायचं त्याच्या मनाला ते पटत नसेल तर डबी कपाटातच राहणार. म्हणून मी झाडापासूनचं शोधायला लागले.

दुकानात 'झाडापासूनचं' म्हणणाऱ्या बाटल्यांची कमी नाही. ऐरोलीला ऑफिसात जाता-येता, राम मारुती रोडवर, जांभळी नाक्याच्या बाजारात, जिथे मिळेल तिथे मी बाटली उलटी करून मागची यादी वाचायला लागले. अक्षरं इतकी बारीक की मोबाइलचा कॅमेरा लावून मोठी करावी लागतात. पुढच्या बाजूला कोरफड, बदाम, केशर यांची चित्रं, आणि मागे कार्थॅमस टिंक्टोरियस, ब्यूटिरोस्पर्मम पार्की अशी नावं. कार्थॅमस म्हणजे आपली करडई, ब्यूटिरोस्पर्मम म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं शिया, कोकोस न्यूसिफेरा म्हणजे नारळ, हेलिअँथस ॲन्युअस सूर्यफूल, गार्सिनिया इंडिका आपलं कोकम. ही पाच-सहा नावं ओळखीची झाली की यादीची भीती अर्धी कमी होते.

पण ओळखून करायचं काय? ते मला पुढच्या भेटीत डॉक्टरांनी समजावलं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं तेच. त्वचेचा वरचा थर भिंतीसारखा असतो, त्या म्हणाल्या. पेशी म्हणजे विटा आणि मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. वय झालं की चुना झडतो, फटींतून पाणी उडून जातं. नडगीवर तेलग्रंथी मुळातच कमी, म्हणून तिथे आधी त्रास होतो. त्यामुळे मॉइश्चरायझरमधल्या प्रत्येक घटकाला एकच प्रश्न विचारायचा: तू काय करतोस? पाणी धरून ठेवतोस, फटी बुजवतोस, की वरून झाकण घालतोस?

ग्लिसरीन पाणी धरतं, कोरफडीचा गरही थोडंफार धरतो. करडई, सूर्यफूल, बदाम यांची तेलं फटींमध्ये बसून त्वचा मऊ करतात. कोकम, कोको, शिया यांची घट्ट लोणी आणि झाडांची मेणं वरून झाकतात. झाकण्यात ती पेट्रोलियम जेलीच्या मागेच, पण अण्णांच्या पायांना पुरण्याइतकी. तिन्ही कामं होणार असतील तर ते मॉइश्चरायझर. नुसती कोरफडीची जेल लावली तर गार वाटतं, पण कोरफडीच्या गरात जवळजवळ सगळं पाणीच असतं. ते वाळलं की संपलं. घरच्या कोरफडीचा गर काढताना पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक नीट निथळू द्यावा लागतो, कारण त्याने खाज उठते. खाजेवर उपाय म्हणून खाजेचंच कारण लावायला नको.

थंडीत ग्लिसरीन आणि गुलाबपाणी लावायची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. ती चुकीची नाही, तिला फक्त वरचं झाकण हवं. हवा कोरडी असेल तर नुसतं घट्ट ग्लिसरीन बाहेरून पाणी मिळेना म्हणून त्वचेतलंच ओढू शकतं. ओल्या अंगावर लावून वर तेलाचा हात फिरवला की तेच ग्लिसरीन छान काम करतं.

आता अण्णांचा खरा प्रश्न, चरबीचा. इथे यादी फार मदत करत नाही. ग्लिसरीन नारळाच्या, पामच्या, सोयाबीनच्या तेलापासून निघतं, तसंच प्राण्यांच्या चरबीपासूनही निघतं, आणि कारखान्यात पेट्रोलियमपासूनही तयार करता येतं. यादीत नाव मात्र एकच. क्रीम घट्ट करणाऱ्या स्टिअरिक ॲसिडचंही तेच. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येतं, 'सेरा अल्बा' म्हणजे मधमाशीचं मेण. त्वचा मऊ करणारं स्क्वालेन एके काळी शार्कच्या यकृतातून काढत, आता ते ऑलिव्ह आणि उसापासूनही बनतं. पुडक्यावरचा हिरवा ठिपका शाकाहारी असल्याचं सांगतो, पण 'झाडापासूनचं' असल्याचं सांगत नाही. हिरवा ठिपका असलेल्या बाटलीत खनिज तेल असू शकतं, आणि असतंही.

म्हणून मी कंपन्यांच्या ग्राहकसेवेला सरळ ईमेल लिहिले: तुमचं ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड कशापासून येतं? काहींनी दोन ओळींत स्वच्छ उत्तर दिलं, वनस्पती तेलापासून. एका कंपनीने उत्तरात फक्त 'आमची उत्पादनं निसर्गाच्या सान्निध्यात' असलं काहीबाही पाठवलं. ती बाटली मी यादीतून काढून टाकली. अण्णांना दाखवायला उत्तर देणाऱ्यांचे ईमेल प्रिंट करून ठेवले आणि त्यांनी ते चष्मा लावून वाचले. त्यांच्या प्रश्नाला कुणी नीट उत्तर दिलं याचंच त्यांना जास्त समाधान वाटलं असावं.

'अल्कोहोल' शब्दावरही ते अडले होते. सेटाइल आणि सेटेअरिल अल्कोहोल हे दारूतलं किंवा सॅनिटायझरमधलं अल्कोहोल नव्हे. ते मेणासारखे पांढरे, घट्ट पदार्थ असतात, बहुतेक वेळा नारळाच्या किंवा पामच्या तेलातून बनवलेले, आणि ते त्वचा कोरडी करत नाहीत, उलट मऊ करतात. हे अनेकांना माहीत नसतं, आणि चांगली क्रीमं उगाच बाद होतात.

यादी कशी वाचायची यातली एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. आपल्याकडे 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे 1 टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, आणि 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले नंतर कुठल्याही क्रमाने चालतात. मग ती रेघ कुठे आहे हे कसं ओळखायचं? फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवणारं द्रव्य शोधायचं. त्याची कमाल मर्यादाच 1 टक्का आहे. त्याच्या नंतर जे काही लिहिलंय ते बहुधा चिमूटभर. एका नामांकित लोशनच्या पुढच्या बाजूला बदामाचं मोठं चित्र होतं आणि मागे बदामतेल फिनॉक्सिइथेनॉलच्याही नंतर, सुगंधाच्या शेजारी. वरच्या पाच-सहा नावांत पाणी, ग्लिसरीन आणि एखादं तेल किंवा लोणी दिसलं तरच मी बाटली हातात ठेवते. आयुर्वेदिक परवान्याच्या क्रीमची यादी वेगळी असते. त्यात दर 100 ग्रॅममागे वनस्पतींची मात्रा दिलेली असते आणि शेवटी 'क्रीम बेस क्यू. एस.' म्हणजे बेस लागेल तेवढा. तो बेस कशाचा हे पुष्कळदा लिहिलेलंच नसतं, आणि डबीत सर्वांत जास्त तोच असतो. अगदी छोट्या ट्यूबवर तर यादी छापायचं बंधन नाही, म्हणून मी मोठ्या पॅकची यादी बघूनच छोटा घेते.

तेलांच्या बाबतीत घराघरांत मतं पक्की असतात. आमच्याकडे खोबरेल. अण्णांचं म्हणणं, आमच्या आईने आयुष्यभर हेच लावलं. त्यात तथ्य आहे. 2004 साली फिलिपीन्समधल्या डॉक्टरांनी कोरड्या त्वचेच्या रुग्णांवर खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. म्हणजे अण्णांना नको असलेल्या खनिज तेलाला घरचं खोबरेल तोडीस तोड. ऑलिव्ह तेल मात्र महाग म्हणून चांगलं असं नाही. 2013 च्या एका ब्रिटिश अभ्यासात ऑलिव्ह तेलाने त्वचेचा संरक्षक थर कमजोर झाला आणि सूर्यफुलाच्या तेलाने तो टिकून राहिला. कारण तेलातलं लिनोलेइक ॲसिड हे स्निग्धाम्ल. त्वचेच्या त्या 'चुन्यात' ते लागतंच, आणि ते करडई-सूर्यफुलात भरपूर, ऑलिव्हमध्ये कमी.

हे कळल्यावर मी स्वयंपाकघरातली करडई तेलाची पिशवी उलटी केली. मागच्या तक्त्यात 'पॉलिअनसॅच्युरेटेड' हा आकडा असतो. करडई-सूर्यफुलात तो जवळजवळ सगळा लिनोलेइकचाच, आणि करडईत तर तीन चतुर्थांशाच्या आसपास. 'हाय ओलेइक' लिहिलेली पिशवी मात्र या कामाची नाही, त्यात गणित उलटं होतं, ओलेइक ॲसिड जास्त आणि लिनोलेइक कमी. ज्या करडईला आपण गावाकडचं तेल म्हणून मागे टाकलं ती महागड्या लोशनांच्या यादीत लॅटिन नावाने बसलेली बघून मला फार बरं वाटलं.

आणि मुठेल. आत्याबाई सावंतवाडीहून आल्या की कोकमाच्या बियांच्या तेलाचे पिवळट-पांढरे गोळे आणतात, मुठीत दाबून केलेले, बोटांचे ठसे उमटलेले. भेगा पडलेल्या टाचांवर कोकणात हेच लावतात. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक ॲसिड असतं, म्हणून ते 40 अंशांच्या आसपासच वितळतं. अंगाच्या उष्णतेने ते पटकन विरघळत नाही, नुसतं घासलं तर कण कण होऊन गळतं. पळीत घेऊन मंद आचेवर पातळ करायचं, बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की भेगेत भरायचं. गार होताच ते तिथेच घट्ट बसतं, आणि झाकण घालायला हा घट्टपणाच उपयोगी पडतो. याचंच गार्सिनिया इंडिका हे नाव मला नंतर विलायती क्रीमच्या यादीत वरच्या ओळीत दिसलं.

झाडापासूनचं म्हणजे निर्धोक, हे मात्र मी कुणालाही सांगणार नाही. दिवाळीत भेट आलेल्या एका चंदनी क्रीमने अण्णांच्या पोटऱ्यांवर लाल चट्टे उठले. डॉक्टरांच्या मते त्यातल्या सुगंधाने. 'परफ्यूम' या एका शब्दामागे कितीतरी द्रव्यं असतात, आणि लिनालूल, लिमोनीन यांसारखी सुगंधी तेलांतली द्रव्यंसुद्धा हवा लागून जुनी झाली की ॲलर्जी उठवतात. ती झाडांतूनच येतात. तेव्हापासून बिनवासाचंच आणि नवीन काहीही आधी हाताच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ. ओट्स असलेलं क्रीम या परीक्षेत उत्तम उतरलं. ओट्सची बारीक पूड खाज शमवते, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2003 पासून तिला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिलेली आहे.

आता आमचं ठरलेलं असं: कोमट पाण्याने झटपट अंघोळ, साबण फक्त काखेत आणि जांघेत, अंग रगडून न पुसता टिपायचं आणि ओलसर असतानाच लोशन. साबण क्षारधर्मी, त्वचा आम्लधर्मी, म्हणून नडग्यांना साबण पूर्ण बंद. रात्री लोशनवर करडईचा पातळ हात. दुसऱ्या थंडीत ओरखडे जवळजवळ दिसेनासे झाले आणि अण्णा सलग झोपायला लागले.

वयस्कर माणूस घरात असेल तर दोन गोष्टी बाटलीवर लिहिलेल्या नसल्या तरी पाळा. तेल लावलेला पाय टाइल्सवर घसरतो, तेव्हा लगेच सुती मोजे घाला आणि मगच उठू द्या. आणि तेल-क्रीम मुरलेलं कापड चटकन पेट घेतं, धुतलं तरी थोडं त्यात राहतं. अण्णा संध्याकाळी निरंजन लावतात, म्हणून तेल त्यानंतर, रात्री. मधुमेह असेल तर टाचेच्या भेगेवर घरचं काही लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात आमच्याकडे तेलाचा हात बंद असतो, कारण दमट हवेत घाम कोंडून घामोळं येतं. तेव्हा ग्लिसरीनचं पातळ लोशन पुरतं. मुठेल मात्र टाचांना बारा महिने चालू आहे, आणि यंदा आत्याबाईंना मी शेजारच्या दोन घरांसाठीही आणायला सांगितलंय.