तीन बोटं सूर्य

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नॉर्वेतल्या फ्लोम गावी भरदुपारी सूर्य किती वर येतो, हे मोजायला यंत्र लागत नाही. हात समोर ताठ करून तीन बोटं आडवी धरायची. खालचं बोट क्षितिजावर टेकवलं, की वरच्या बोटाच्या किंचित वर सूर्य. जेमतेम सहा अंश. पण हा हिशेब क्षितिज असलेल्या गावांचा. फ्लोमला क्षितिजच नाही. चहूकडे हजार मीटरहून उंच डोंगर अंगावर आल्यासारखे उभे. दिवस साडेपाच तासांच्या आसपास असतो हे खरं, पण त्यातलं ऊन समोरच्या कड्याच्या माथ्यावरून निघून जातं. गावात ते आठवडेच्या आठवडे उतरत नाही.

नकाशावरची अक्षरं वाचून आपण ‘फ्लाम’ म्हणतो, तिथली माणसं ‘फ्लोम’ म्हणतात. काही शे वस्तीचं गाव, आउरलांडफ्योर्डच्या टोकाला. फ्योर्ड म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेली समुद्राची अरुंद पट्टी. हा सोग्नेफ्योर्डचा एक फाटा. सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आणि सर्वांत खोल जागी 1300 मीटर. आपलं कळसूबाई (1646 मीटर) त्याच्या तळाशी ठेवलं, तर पाण्यावर साडेतीनशे मीटरचा सुळका तेवढा दिसेल. आपल्या खाड्यांशी त्याचं नातं लावायला मन धावतं, पण ते जुळत नाही. खाडीत नदीचा गाळ बसतो, तिवरं वाढतात, ओहोटीला चिखल उघडा पडतो. फ्योर्ड हिमनदीने कोरलेला आहे. तिने आत खोल खणलं आणि समुद्राच्या तोंडाशी बळ सरल्यावर खडक तसाच सोडला. तिथे पाणी दोनशे मीटरसुद्धा खोल नाही. त्या उंचवट्याला भूगोलात उंबरठाच म्हणतात. घर खोल आणि उंबरठा उंच, अशी ही रचना.

उन्हाळ्यात हे गाव गावासारखं दिसत नाही. धक्क्याला गावापेक्षा मोठी जहाजं लागतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा आडहंगाम त्यामानाने मोकळा, पण तो एकसारखा नसतो आणि फसगत होते ती इथेच. ऑक्टोबरात पाऊस भरपूर, त्यामुळे धबधबे जोरात आणि बर्चची झाडं पिवळी. नोव्हेंबर सर्वांत रडका: पानं गळलेली, खाली बर्फ टिकत नाही, उजेड रोज आखडत जातो. डिसेंबर-जानेवारी काळोखाचे. ज्याला एकदाच जायचं आहे त्याने फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्च धरावा. बर्फ असतो आणि दिवस दहा-अकरा तासांचा झालेला असतो. एप्रिलमध्ये खालचा बर्फ गेलेला, वरच्या वाटा अजून बंद. दोन्हीकडून हात रिकामे.

उजेड थोडा म्हणून हळहळण्याआधी संधिप्रकाशाचा हिशेब करावा. आपल्याकडे सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत दिवे लावावे लागतात. इथे सूर्य इतका तिरका उतरतो, की मावळल्यावरही जवळजवळ तासभर दिसत राहतं, सकाळीही तेवढंच. त्या वेळी बर्फ, पाणी आणि आकाश एकाच निळ्या रंगात भिजलेले असतात. कडे त्यात पुसले जात नाहीत, उलट त्यांचे थर, भेगा, घसरणीच्या खुणा स्पष्ट होतात. वैशाखात पानं झडल्यावर सह्याद्रीची हाडं दिसतात, तसंच.

गावात पोचायची नामांकित वाट म्हणजे फ्लोमची रेल्वे. ऑस्लो-बर्गन मार्गावरच्या मिरडाल स्थानकातून ती सुटते आणि 20 किलोमीटरमध्ये 866 मीटर उतरून समुद्राच्या पातळीला येते. चढ काही ठिकाणी अठरास एक, म्हणजे अठरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपल्या भोर घाटातला सदतीसास एक, आणि तरी तिथे गाडीला मागून इंजिनं लावावी लागतात, हे लक्षात घेतलं की इथल्या उताराची कल्पना येते. वीस बोगदे, त्यातले अठरा हातांनी खोदलेले. 1940 मध्ये मार्ग सुरू झाला. रूळ दरीत बाजू बदलत जातात, कारण हिमकडे कुठे कोसळतात ते बांधणाऱ्यांना माहीत होतं. नदीवर पूल बांधण्याऐवजी नदीलाच रुळांखालच्या बोगद्यांतून वाट काढून दिली आहे.

चोस्फोसेन धबधब्यापाशी उन्हाळ्यात गाडी थांबते, कड्यावर लाल कपड्यातली ‘हुल्द्रा’ (तिथल्या लोककथांतली रानातली मोहिनी) नाचते, लोक फोन उगारतात. हिवाळ्यात नाच नाही आणि पाणीही जवळपास नाही. असतो तो गोठलेला पडदा, खालच्या कडांना निळसर. खरं सांगायचं तर हेच बरं.

या प्रवासात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मिरडालला मोटारीचा रस्ता नाही. वर पठारावर वादळ आलं आणि मुख्य मार्ग बंद पडला, तर फ्लोमची गाडी चालू असूनही उपयोग नाही. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ही वाट धरू नये. बर्गनच्या बाजूच्या व्हॉस गावावरून गुदवांगेनमार्गे येणारी बस ही दुसरी वाट डोक्यात असू द्यावी. तोही रस्ता दरडीने कधीमधी बंद होतो, पण दोन्ही एकाच दिवशी बंद होणं विरळा. आणि हवामान पाहताना दोन्ही ठिकाणांचं पाहावं. साडेआठशे मीटरच्या फरकाने पाच-सहा अंशांचा फरक पडतो: खाली चार अंशांवर पाऊस, वर उणे दोनवर बर्फ. फ्लोममध्ये पाऊस आहे म्हणून खोलीत बसून राहणारा माणूस तासभर वर असलेला अख्खा हिवाळा हुकवतो.

पाण्यातून पाहायची जागा म्हणजे नेरॉयफ्योर्ड. 2005 पासून जागतिक वारसा, सर्वांत अरुंद जागी अडीचशे मीटर. विजेवर चालणाऱ्या बोटी वर्षभर फ्लोमहून गुदवांगेनला जातात. वाट दोन तासांची. परतीची बस वीस मिनिटांत आणते, कारण ती जवळजवळ सगळी डोंगराच्या पोटातून येते. जे अंतर पाण्याने दोन तासांत समजतं, ते बोगद्यात कळतच नाही. हिवाळ्यात दिवसाला फेऱ्या मोजक्या, तेव्हा वेळ निवडताना एवढंच पाहायचं की वाटेचा दुसरा निम्मा भाग उजेडात येतो की नाही. सुरुवातीचा आउरलांडफ्योर्ड रुंद, नेरॉय नंतर लागतो. डिसेंबरात दुपारी तीनला निघालेल्या बोटीतून नेरॉय म्हणजे काळ्या भिंतींमधला काळा रस्ता.

इंजिनाचा धडधडाट नसल्याने बोटीवर ऐकू येतं. धबधबे गोठलेले असतात, त्यामुळे ऐकायला फारसं काही नसतं. मग एखादा बर्फाचा तुकडा कड्यावरून निसटून पाण्यात पडतो तो अर्धा मैल ऐकू जातो. पाणी खारं आणि खोल असल्याने फ्योर्ड गोठत नाही. मात्र अगदी आतल्या टोकांना नदीचं गोडं पाणी वर तरंगत राहतं आणि कडक थंडीत त्यावर साय धरल्यासारखा पातळ बर्फ येतो. हवा उणे दहाच्या खाली गेली की पाण्यावरून वाफ निघते. चुलीवर आधण ठेवल्यासारखा अख्खा फ्योर्ड धुरकटतो. प्रतिबिंब हवं असेल तर सकाळी वारा सुटण्याआधी धक्क्यावर उभं राहावं.

वरून पाहायचं ते स्टेगास्टाइनहून. आउरलांड गावापासून आठ किलोमीटर वळणावळणाचा रस्ता, फ्योर्डवर 650 मीटर उंचीला, आणि तिथून तीस मीटर हवेत पुढे काढलेला लाकडी सज्जा. टोकाला काच, आणि तिथे जमीन एकदम खाली वळल्यासारखी वाटते. त्याच्या पुढचा घाटरस्ता हिमकाळात अडसर टाकून बंद करतात. सज्ज्यापर्यंतचा मात्र मोकळा ठेवतात. मोकळा म्हणजे सोपा नव्हे. रस्ता एकपदरी, आणि दिवसा वितळलेलं पाणी तिसऱ्या प्रहरी काचेसारखं गोठतं. हिवाळी टायरच्या नक्षीची खोली कायद्याने किमान तीन मिलिमीटर लागते. भाड्याच्या गाडीचे टायर घेतानाच वाकून पाहावेत. बर्फावर गाडी चालवायची सवय नसेल तर फ्लोमहून जाणारी बस घ्यावी. चालकाला समोरून आलेल्या गाडीसाठी पाव किलोमीटर मागे जाता येतं. आपल्याला येईलच असं नाही.

पायी जायला गावातला सर्वांत चांगला रस्ता तोच ज्याची कुणी जाहिरात करत नाही: नदीकाठाने तीन किलोमीटर आत, 1670 च्या लाकडी चर्चपर्यंत. सपाट आहे, तासाभरात होतो. ब्रेक्केफोसेन धबधब्याकडे नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगडी पायऱ्या रचल्या आहेत, अतिशय सुबक. तरी शून्याखाली गेल्यावर तिथे जायचं तर बुटांना ‘ब्रोडर’ हवेत, म्हणजे रबरी पट्ट्यांत बसवलेले लोखंडी खिळे. धबधब्याचे तुषार पायऱ्यांवर थर धरतात. चढताना ते जाणवत नाही, उतरताना जाणवतं. रस्त्याने चालताना अंगावर चकाकणारी पट्टी लटकवावी, तिथली म्हातारी माणसंसुद्धा लटकवतात. काळ्या कोटातला माणूस मोटारीच्या दिव्यात पंचवीस-तीस मीटरवर दिसतो, पट्टी असली तर एकशेचाळीस मीटरवर. फोन आतल्या खिशात ठेवावा, थंडीत बॅटरी धपकन उतरते. आणि कॅमेरा घरात आणण्याआधी बाहेरच पिशवीत बंद करावा, नाहीतर उबेतली वाफ भिंगावर धरते.

याच फ्योर्डकाठच्या उंद्रेदाल गावी चर्च बाराव्या शतकातलं आणि इतकं लहान, की चाळीस माणसांत भरतं. हिवाळ्यात कुलूप असतं, बाहेरूनच पाहायचं. पण गावाची खरी ओळख बकरीच्या दुधाचं तपकिरी चीज. निवळी तासन् तास आटवतात, साखर करपायच्या बेतात येते, तेव्हा तो रंग चढतो. साताऱ्याच्या कंदी पेढ्याची जात ज्याला ठाऊक आहे त्याला हे चीज समजावून सांगावं लागत नाही. फक्त गोडामागून खारट चव येते तेव्हा दचकायला होतं.

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर: रविवारी बहुतेक दुकानं बंद, आणि आडहंगामात रेस्तराँही एखाद-दोनच चालू. शनिवारी दुपारी सामान भरून ठेवावं. घरून थालिपिठाची भाजणी न्यायला हरकत नाही. तुपाची बरणी मात्र चालत नाही. युरोपबाहेरचे दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. खव्याचे लाडूही त्यातच आले.

जानेवारी सरता सरता समोरच्या कड्यावर उन्हाची रेघ दिसू लागते. रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास ती पाहायची. आधी माथ्यावरच्या बर्फात, मग झाडांच्या शेंड्यांवर, मग एखाद्या लाल कोठाराच्या छपरावर. रोज थोडी खाली. धक्क्यावर अजून सावलीच असते.