कधीच न भरणारी टाकी

आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला चुलत सासऱ्यांचं घर आहे आणि त्यांच्या परसात संडासाची टाकी, १९८२ सालची. काका अभिमानाने सांगायचे, "एवढ्या वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. भरतच नाही!" लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी हे ऐकत होते. भरत नाही तर आतलं जातं कुठे, हे विचारायला मला तीन गणपती लागले.

तीन वर्षं लागोपाठ तेच. चतुर्थीला दोन्ही घरं मिळून तीस-पस्तीस माणसं, आणि पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन पोरं जुलाबाने आडवी. पहिल्या वर्षी खोबऱ्यावर खापर फोडलं. दुसऱ्या वर्षी, मुंबईच्या पोरांना इथलं पाणी मानवत नाही, असं म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या वर्षी सहा वर्षांच्या भाचीला सलाइन लावावं लागलं, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "विहिरीच्या आसपास काय काय आहे?"

घरी आल्याआल्या टेप लावली. टाकीच्या कडेपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत साडेअकरा मीटर. आय.एस. २४७० या भारतीय मानकात शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर येणारं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा असं आहे. शिवाय अंतराचा उपयोग होतो तो माती पाणी गाळून घेते म्हणून. आमच्याकडे जांभा. पोकळ्यांनी भरलेला दगड, तो काय गाळणार? श्रावणात तर आमच्या विहिरीचं पाणी वाकून कळशी बुडवता येईल इतकं वर येतं, तेव्हा टाकीच्या तळाखाली कोरडी जमीनच उरत नाही.

पण काकांशी बोलायचं तर हातात पाणी तपासल्याचा कागद हवा होता. त्या कागदासाठी माझे सात आठवडे गेले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीने पावणेदोन तास. फोनवर म्हणाले, "पाणी घेऊन या." मी मिनरल वॉटरची बाटली उकळत्या पाण्याने धुऊन, भरून घेऊन गेले. खिडकीतल्या माणसाने ती हातातसुद्धा घेतली नाही. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली इथूनच न्यावी लागते, म्हणे. त्याने दिलेली बाटली काचेची होती, तोंडावर खाकी कागद दोऱ्याने बांधलेला आणि तळाशी चिमूटभर पांढरी पूड. ती पूड घाण समजून धुवू नका. ते सोडियम थायोसल्फेट असतं, पाण्यात क्लोरीन असलं तर ते निष्प्रभ करायला.

दुसऱ्या खेपेला शुक्रवार होता. "शुक्रवारी नमुने घेत नाही." कारण पटण्यासारखं आहे. जंतू वाढवून बघायला ४८ तासांपर्यंत लागतात, मध्ये सुट्टी येते. पण बाटली देताना याच माणसाला हे सांगता आलं नसतं का? नमुना २४ तासांच्या आत, तोही बर्फात ठेवून पोचायला हवा, म्हणजे ते पाणी वाया गेलंच, बाटलीही नवी घ्यावी लागली.

तिसऱ्या खेपेला समजलं की विहीर खासगी असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र लागतं. ग्रामसेवकांकडे दोन गावं, आमच्याकडे ते मंगळवारी आणि गुरुवारी. पत्रासाठी थांबले होते तेव्हा भिंतीवर लावलेलं हिरवं कार्ड बघत बसले. सार्वजनिक विहिरींचे नमुने जलसुरक्षक घेतो, पावसाळ्याआधी आणि नंतर सर्वेक्षण होतं, त्यावरून पाण्याला धोका किती त्याप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. चांगली पद्धत आहे. पण आमच्या वाडीत घरोघरी स्वतःची विहीर, आणि त्यातली एकही त्या यादीत नाही. आम्ही जे पाणी पितो त्याबद्दल ते कार्ड काहीच सांगत नाही, हे मला त्या बाकावर बसून कळलं.

चौथ्या खेपेला प्रयोगशाळेने नमुना घेतला. नऊ दिवसांनी अहवाल आला, "पिण्यास योग्य." माझा विश्वासच बसेना. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू नमुना नेणार म्हणून आदल्या दिवशी मीच टीसीएल टाकली. लोकांकडे पाणी द्यायचं ते स्वच्छ नको?" टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. त्यांच्या बाजूने अगदी बरोबर होतं ते. बाटलीतली पूड क्लोरीनला थांबवते, पण आदल्या रात्री विहिरीत मेलेले जंतू काही परत जिवंत होत नाहीत. अर्जावर "शेवटचे शुद्धीकरण कधी केले" असा रकाना होता. खिडकीतल्या माणसाने मला न विचारताच तिथे आडवी रेघ मारली होती. एक प्रश्न विचारला असता तर महिना वाचला असता. आणि तो अहवाल तोवर काकांपर्यंत पोचलाही होता. "बघितलंस? उगाच टाकीवर घेतेस," एवढंच ते म्हणाले.

पाचव्या वेळी मात्र मी काहीच नशिबावर सोडलं नाही. दहा दिवस टीसीएल बंद, प्यायला उकळलेलं पाणी. चांगला पाऊस पडून गेल्यावर, सोमवारी पहाटे नमुना काढला. रहाटाच्या पोहऱ्यातून घेऊ नका, तो जमिनीवर लोळलेला असतो. बाटलीला धुतलेल्या दोरीने दगड बांधून ती थेट सोडायची, बुचाच्या आत बोट लावायचं नाही, वर थोडी जागा मोकळी ठेवायची. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, सहाची पहिली एसटी.

या वेळी दोन कागद आले. रासायनिक तपासणीचा अहवाल "योग्य", नायट्रेट लिटरला ३१ मिलिग्रॅम, मर्यादा ४५. घरातल्यांनी तेवढंच वाचलं आणि हुश्श केलं. दुसरा जंतूंचा: ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू, आढळले, पिण्यास अयोग्य. आय.एस. १०५०० प्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही चालत नाही. दोन्ही कागद वाचा. रासायनिक नमुन्याला वेगळा, साधा दोन लिटरचा कॅन लागतो, हे सांगायचं राहिलं होतं.

काकांनी कागद दोनदा वाचला. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच टाकीवरचा चिरा सरकवायला माणसं बोलावली. उपसायला सक्शनची गाडी आणली. आत कोणालाही उतरू दिलं नाही, आणि तुम्हीही देऊ नका. आतल्या वायूने माणूस क्षणात जातो, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदीच आहे. रिकामी झाल्यावर बॅटरी मारून पाहिलं. भिंतींना गिलावा नाही. तळाला काँक्रीट नाही, नुसता जांभा, आणि विहिरीच्या बाजूच्या कोपऱ्यात दोन बोटं जातील एवढी भेग, कडा काळ्या झालेल्या. काका बराच वेळ त्या भेगेकडे बघत उभे होते. नीट बांधलेली टाकी दोन-तीन वर्षांत गाळाने भरते, उपसावी लागते. ही भरत नव्हती कारण ती आमच्या विहिरीत रिकामी होत होती.

पुढचं भराभर झालं. नवी टाकी विहिरीच्या खालच्या अंगाला, दोन कप्प्यांची, तळ काँक्रीटचा, आतून गिलावा. तिचा शोषखड्डा विहिरीपासून ३१ मीटरवर. खाली आणखी कोणाची विहीर नाही ना, तेही टेप लावून बघितलं. खर्च निम्मा-निम्मा. जुनी टाकी चुना टाकून मातीने बुजवली. विहिरीचा कठडा उंच केला आणि भोवती काँक्रीटचा ओटा बांधला, उतार बाहेरच्या बाजूला.

टीसीएलचं प्रमाण आमच्याकडे मूठ भरून ठरायचं. हिशेब सोपा आहे. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायची, आणि तासभर पाणी काढायचं नाही.

काम झाल्यावरचा पहिला अहवाल तरीही "अयोग्य" आला. जमिनीत मुरलेलं सगळं एकदम जात नाही, म्हणून त्या पावसाळ्यात आम्ही उकळूनच प्यायलो. यंदा गणपतीत ३४ माणसं होती, पोटाची एकही तक्रार नाही. विसर्जनानंतरच्या सोमवारी नमुना दिला आणि कागदावर आलं, "आढळले नाहीत." तो कागद काकांनी माझ्याकडून मागून घेतला. मे महिन्यातला नमुना ते स्वतः नेणार आहेत. सोमवार ते बुधवारच जा, असं मी त्यांना बजावून ठेवलंय.